बिनकामाची सायकल

सायकल ही आपल्या घरात नवी वस्तू नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे वडील आयुष्यभर सायकलवरून कामावर गेले. हँडलला जेवणाचा डबा, कॅरिअरला दळणाची पिशवी, पुढच्या दांडीवर शाळेत सोडायचे मूल, असा संसार त्या दोन चाकांनी ओढला. पण त्या सायकलवरून कोणी कधी नुसते फिरायला गेल्याचे आपण पाहिले आहे काय? आम्ही तरी पाहिले नव्हते. सायकल बाहेर निघाली म्हणजे काहीतरी काम निघाले, असेच आमच्या लहानपणी समजत. म्हणूनच गेल्या ऑक्टोबरातील एका रविवारी, काहीही काम नसताना, आम्ही सातजण देहूरोडहून सायकली काढून बेडसे लेण्यांपर्यंत जाऊन आलो, ती हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

सुरुवात कशी झाली

आम्ही पेशाने कारकून. दिवसाचे आठ तास खुर्चीत, आणि संध्याकाळी चळवळीच्या बैठका, त्याही बसूनच! चाळिशी उलटली आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अंग हलवायला सांगितले. कार्यालयातील एका सहकाऱ्याने जुनी सायकल दुरुस्त करून घेतली होती. त्यांनी आम्हालाही ओढले. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात प्रथम सोमाटणे फाट्यापर्यंत, मग तळेगावपर्यंत, मग वडगावपर्यंत असे दर रविवारी आम्ही अंतर वाढवीत गेलो. हळूहळू माणसेही वाढली. सहकाऱ्याच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी एक्केचाळिसाव्या वर्षी सायकल शिकून घेतली. त्यांची अकरावीतील मुलगी आली. एक शिक्षक आले. चाकणच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर काम करणारा एक तरुण आला; त्याच्याकडे हप्त्यावर घेतलेली, बारीक टायरची, गिअरची सायकल आहे.

सातवे आमचे काका. वय सहासष्ट. मूळचे मराठवाड्यातले, लष्करी डेपोतील नोकरीसाठी देहूरोडला आले आणि इथलेच झाले. त्यांना आम्ही बेडशाचे बोलावणे केले तेव्हा ते म्हणाले, "कशाला हो? तिकडं कुणाकडं काम आहे का?"

"काम काही नाही काका. नुसते जायचे आणि यायचे."

"नुसतं?" काका हसू लागले. "पस्तीस वर्षं पगारासाठी सायकल मारली. आता फुकट कशाला मारू?"

परंतु रविवारी पहाटे पावणेसहाला काका आमच्या आधी हजर! चेनला तेल घातलेले, घंटी पुसून लख्ख केलेली. सायकल तीच, अठ्ठावीस इंची चाकांची, काळी, भक्कम.

हा ऋतूच निराळा

सायकल वर्षभर चालते, पण रस्त्यावर आनंद मिळतो तो शरदात. पावसाळ्यात चिखल आणि निसरडे. उन्हाळ्यात मावळातले डोंगर तापून पिवळे पडलेले. आश्विन-कार्तिकात मात्र पाऊस नुकताच परतलेला असतो, ओढे अजून वाहत असतात, आणि पहाटे भातखाचरांवर धुके उतरलेले असते. दुपारचे ऊन कडक असते, पण दहा-साडेदहापर्यंतची वेळ आपली. आपल्या परंपरेतही हे दिवस निघण्याचेच आहेत. तीन महिन्यांचा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, आणि एका ठिकाणी राहिलेले भिक्षू पुन्हा चारिकेला बाहेर पडतात. रस्ते सुकले की माणसाने निघावे, हे त्या काळापासून चालत आले आहे.

देहूरोडच्या विहारासमोर थांबून आम्ही वंदन केले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे वाचकांना माहीत आहेच. पुढे तळेगाव दाभाडे लागते. तेथेही बाबासाहेबांचा बंगला आहे. या रस्त्यावरून काका कित्येक वर्षे ये-जा करीत आले, आणि आम्हीही. पण उजाडताना, घाई नसताना, हा रस्ता आम्ही प्रथमच पाहत होतो.

खरे सांगायचे तर कामशेतपर्यंतचा जुना मुंबई-पुणे रस्ता सायकलवाल्याचा नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. आम्ही डाव्या कडेने, एकामागे एक, मागे लाल दिवे लावून चाललो होतो. वडगाव मागे पडले. तेथील कृषी संशोधन केंद्रातच इंद्रायणी हे भाताचे वाण तयार झाले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आले. आंबेमोहराचा वास आणि आयआर-८ चे उत्पन्न असा तो संकर. ही माहिती आम्हाला शिक्षकांनी दिली. पण इंद्रायणी म्हणजे काय, ते कामशेत सोडून पवनानगरच्या रस्त्याला डावीकडे वळल्यावरच कळले. मोटारी कमी झाल्या आणि एकाएकी वास आला! पिकलेल्या, दवाने ओल्या झालेल्या भाताचा तो वास. बसच्या खिडकीतून आम्ही या बाजूला दहा वेळा गेलो असू, पण हा वास कधी नाकाला लागला नव्हता. बस वेगाने जाते. पायी चालणारा लवकर थकतो. सायकलचा वेग मात्र माणसाच्या डोळ्यांना आणि नाकाला बरोबर जुळतो.

रस्ता अरुंद, दोन्हीकडे खाचरे. काही खाचरांत कापणी सुरू झालेली. बायका ओळीने वाकून विळा चालवीत होत्या. तारांवर कोतवाल बसलेले, म्हशींच्या पाठीमागे बगळे. बांधावर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती. चढ आला की वहिनी खाली उतरून ढकलत. मुलगी पुढे जाऊन वळून पाही आणि म्हणे, "आई, थोडंच राहिलंय!" ते थोडे कधीच थोडे नसे.

वाटेत द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. २००२ पासून पूर्ण सुरू झालेल्या त्या मार्गावर सायकलला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या मार्गाकडे पाहिले की दुसरे काही आठवते. ९ ऑगस्ट २०११ रोजी याच परिसरात, बौरजवळ, पवना धरणातून बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी त्या मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्यांत एक स्त्री होती. शहरात नळ सोडताना हे आपल्या मनात येत नाही. या खाचरांमधून घाम गाळीत गेले की येते. सहल ही केवळ हवा खाण्यासाठी नसते. आपण ज्यांच्या जिवावर जगतो ती माणसे कोठे राहतात, हेही तिने कळते.

पंक्चर

बेडशाच्या अलीकडे तरुणाची गिअरची सायकल बसली. बाभळीचा काटा बारीक टायरमधून आरपार गेला होता. आम्ही पदवीधर मंडळी त्या चाकाभोवती उभी राहिलो. पंप होता, सोल्युशन होते, ठिगळ होते. करणारा कोणी नव्हता. काकांनी आपली सायकल झाडाला टेकवली. जवळच्या घरातून एका मावशींनी घमेलेभर पाणी आणून दिले. काकांनी ट्यूब काढली, हवा भरली, पाण्यात फिरवून बुडबुडे कोठून येतात ते पाहिले, पॉलिश पेपरने घासून ठिगळ लावले, आणि टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे राहिलेले टोक काढले. "हे टोक राहिलं तर पुढच्या मैलाला परत बसणार," असे ते म्हणाले. अर्धा तास गेला. "काका, ही सायकल चाळीस हजारांची आहे," तरुण म्हणाला. "असू दे," काका म्हणाले, "हवा तीच आहे."

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती.

कामशेत सोडल्यापासून आमच्या एक गोष्ट लक्षात येत होती. गाव आले की काका सायकलवरून उतरत. गावातून सायकल हाताने चालवीत नेत, आणि शेवटचे घर मागे पडले की पुन्हा टांग टाकीत. पहिल्या गावात आम्हाला वाटले, दम लागला असेल. दुसऱ्या गावातही तेच. तेथे तर उतारच होता. पायडलसुद्धा मारावे लागत नव्हते. पंक्चर काढून हात धुताना मुलीने विचारलेच, "आजोबा, गाव आलं की तुम्ही उतरता का?"

काका प्रथम काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उतरतो का मी?"

त्यांच्या वडिलांनी रस्त्याच्या खडीकामावर मजुरी करून एक जुनी सायकल घेतली होती. आपल्या वस्तीतली ती पहिली सायकल. पण गावात शिरले की चावडीपासून वाड्यापर्यंत तिच्यावरून उतरावे लागे. बसून गेलेले खपत नसे. वडील उतरत, आणि मागे कॅरिअरवर बसलेल्या सहा वर्षांच्या पोरालाही उतरवीत. एकदा पोरगा उतरला नाही. त्याला मजा वाटत होती. वडिलांनी त्याला सगळ्यांदेखत मारले. "गावानं मारू नये म्हणून बापानं मारलं," काका म्हणाले. "शहरात मी कधी उतरलो नाही. डेपोच्या गेटात बसून गेलो. पण खेडं दिसलं की पाय आपोआप खाली येतो. इतकी वर्षं कुठल्या खेड्यात सायकल घेऊन गेलोच नव्हतो, म्हणून ध्यानात आलं नाही."

वाचकहो, मावळातल्या त्या गावांनी आमचे काही वाकडे केले नव्हते, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. ज्या गावाने उतरविले ते दूर राहिले, तो काळही गेला. पण साठ वर्षांनंतर, दीडशे कोसांवर, एका निवृत्त माणसाचा पाय खाली येतो. कायद्याने अस्पृश्यता गेली. पायातून जायला किती वर्षे लागतात, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? आणि नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही अधूनमधून वाचायला मिळतातच.

लेण्यांत

बेडसे गावाजवळ सायकली लावून आम्ही पायऱ्या चढलो. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सायकल चालवून आलेल्या पायांना त्या चांगल्याच जाणवतात. कार्ले-भाजे येथे असते तशी गर्दी येथे नसते. लेणी पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन थेट आत येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. एक चैत्यगृह, अष्टकोनी खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप. शेजारचा विहार तर चैत्यासारखाच अर्धगोल आणि कमानदार छताचा आहे. असा विहार क्वचितच पाहायला मिळतो. ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. नाशिकच्या एका श्रेष्ठीच्या मुलाने दान दिले आहे, आणि पाण्याच्या टाक्याचे दान सामडिनिका नावाच्या महारठिनीचे, म्हणजे एका स्त्रीचे, आहे.

दर्शनी भागात उंच खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. वहिनी बराच वेळ मान वर करून पाहत होत्या. "बायकासुद्धा बसल्यात की!" त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी मुलींना सायकल शिकवीत नसत. हातपाय मोडले तर लग्न कसे व्हायचे, असे म्हणत. आम्हाला तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याची आठवण झाली. तेथे १९९१ नंतर साक्षरता मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली, आणि खाणीत, शेतात राबणाऱ्या हजारो स्त्रिया सायकलवर बसल्या. अक्षर आणि सायकल, दोन्हींनी माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही.

स्तूपाजवळ काही वेळ शांत बसून आम्ही बाहेर आलो. शिदोरी सोडली आणि तेथेच एक विषय निघाला. सहल, विरंगुळा, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हीही पूर्वी म्हणत होतो. पण इंग्लंडचे उदाहरण पाहा. हवा भरलेले रबरी टायर १८८८ मध्ये डनलॉपने केले, सायकल सुखाची झाली, आणि काही वर्षांत ती कामगाराच्या आवाक्यात आली. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांचे 'क्लॅरियन' नावाचे समाजवादी साप्ताहिक होते. त्याच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे सायकल मंडळ काढले. आठवडाभर धुरात राबणारी ही माणसे सुटीला सायकलवरून खेड्यांतल्या गल्ल्या-रस्त्यांनी फिरत, मोकळी हवा घेत, आणि जाता जाता आपली पत्रके वाटत. सहल आणि चळवळ त्यांना वेगळी वाटली नाही. एका साप्ताहिकाच्या वाचकांनी हे केले, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे!

परतताना

साडेदहाला निघालो. उशीर झाला होता आणि ऑक्टोबरचे ऊन पाठीवर बसू लागले होते. पहिले गाव दिसले. मुलगी आपली सायकल काकांच्या शेजारी आणून म्हणाली, "आजोबा, आता उतरायचं नाही हं." काका काही बोलले नाहीत. वेशीशी त्यांचा पाय पायडलवरून सुटला, हे आम्ही मागून पाहिले. मग तो परत पायडलवर गेला. घंटी वाजवीत, अगदी हळू, ताठ बसून ते गावातून चालले. पारावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "रामराम! कुठून आलात?" त्यांनी विचारले.

"जयभीम! देहूरोडहून!" काका सायकलवरूनच म्हणाले.

"एवढ्या लांबून, सायकलीनं? या, पाणी घ्या!"

तेव्हा काका उतरले. पाणी प्यायला उतरले. तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले, पोरांना दिले, त्या गृहस्थांशी भाताच्या भावाबद्दल बोलले, आणि पारासमोरच टांग टाकून पुढे निघाले. त्यानंतरच्या गावात ते उतरले नाहीत. उन्हामुळे आम्ही मात्र दोनदा उतरलो!

घरी पोहोचायला दीड वाजला. जाऊन-येऊन चौसष्ट किलोमीटरच्या आसपास झाले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे हिशेब दिल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. दोन वेळचा चहा २१० रुपये, वडापाव १४०, केळी ९०, सोल्युशन व ठिगळे ५०. एकूण ४९० रुपये. माणशी ७०. कोणत्या सहलीत एवढ्यात एवढे मिळते?

ज्यांना निघावेसे वाटते त्यांच्यासाठी चार गोष्टी. नवी महाग सायकल घेण्याची गरज नाही. घरातली जुनी काढा, ब्रेक आणि टायर पाहून घ्या. पहिल्या रविवारी दहा किलोमीटरच जा. साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून निघा आणि खिशात गुळाचा खडा ठेवा. हेल्मेट घाला, मोठ्या रस्त्यावर एकामागे एक चला, पंक्चरचे सामान जवळ बाळगा आणि ते वापरायला शिका. उजाडण्यापूर्वी निघून ऊन चढण्यापूर्वी परता. आमची चूक करू नका. आणि घरातील स्त्रियांना मागे ठेवून जाऊ नका.

काकांची पत्नी दुसऱ्या दिवशी भेटल्या. म्हणाल्या, "रात्रभर पाय चेपून घेतले, आणि सकाळी विचारतात, पुढच्या रविवारी कुठं?"

"काही काम आहे का तिकडे?" आम्ही विचारले.

"तेच मीही विचारलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, काम नाही, नुसतं."